मनाई आदेश, अधिसूचना, आवाहन: पोलिसांचा कागद कसा वाचायचा

‘ठाण्यात मनाई आदेश लागू’ ही बातमी वर्षातून कितीतरी वेळा येते. सणावाराच्या आधी येते, मोर्चाच्या तोंडावर येते, निवडणुकीत तर हमखास. पेपरात ती आतल्या पानावर चार ओळींत असते. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोहोचेपर्यंत मात्र तिचं ‘उद्यापासून जमावबंदी, पाच माणसं एकत्र दिसली की अटक’ असं काहीतरी झालेलं असतं. मग विचारणा सुरू होते. हळदीकुंकू ठेवायचं की नाही? मुलांचा क्लास भरेल का? सोसायटीची सर्वसाधारण सभा पुढे ढकलायची का?

पोलिसांकडून येणारा प्रत्येक कागद एकाच वजनाचा नसतो. तो कुणी काढला, कुणाला लागू आहे आणि कुठल्या तारखेपर्यंत, एवढं पाहता आलं तरी बरीचशी घबराट टळते. शिवाय ज्याला पोलिसांचा कागद वाचता येतो, त्याला पोलिसांना माहितीही नेमकी देता येते. वस्तीच्या सुरक्षिततेसाठी या दोन्ही गोष्टी लागतात.

कागद तीन प्रकारचे

पहिला प्रकार आदेशाचा. तो कायद्याच्या एखाद्या कलमाखाली निघतो आणि मोडला तर गुन्हा दाखल होऊ शकतो. दुसरा प्रकार वाहतुकीच्या अधिसूचनेचा: अमुक रस्ता बंद, तमुक पर्यायी मार्ग. तीही बंधनकारकच, पण वाहनांपुरती. तिसरा प्रकार आवाहनाचा: गावाला जाताना दागिने घरात ठेवू नका, अनोळखी लिंक उघडू नका. आवाहन पाळलं नाही म्हणून कुणी दंड करत नाही, पण बऱ्याचदा तेच सर्वांत जास्त उपयोगी पडतं. पोलिसांची ‘डिजिटल अटक’बद्दलची, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर धमकावत पैसे उकळण्याच्या फसवणुकीबद्दलची, सूचना घ्या. व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करण्याची तरतूदच आपल्या कायद्यात नाही. हे एक वाक्य घरातल्या आजी-आजोबांना नीट समजावून सांगितलं तर आयुष्यभराची पुंजी वाचू शकते.

गोंधळ होतो तो पहिल्या प्रकारात, म्हणून त्यावर जरा थांबू.

मनाई आदेशात असतं काय?

ठाणे आणि नवी मुंबईत मनाई आदेश मुख्यतः दोन कायद्यांखाली निघतात.

एक, महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ३७. त्याच्या पोटकलम १ खाली शस्त्रं, तलवारी, भाले, लाठ्या, दगड, स्फोटकं किंवा दाहक पदार्थ बाळगायला, जमवायला मनाई करता येते. प्रतिमांचं दहन, चिथावणीखोर घोषणा आणि भाषणं यांनाही याच पोटकलमाखाली आळा घालतात. सभा, मिरवणुका आणि जमाव यांवरची बंदी येते पोटकलम ३ खाली. पाच किंवा अधिक माणसांच्या जमावाचा उल्लेख असतो तो इथे.

दोन, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. हे नाव नवीन वाटलं तरी जुनी ओळख आहे, पूर्वीचं ‘१४४ कलम’ ते हेच. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली आणि आकडा बदलला. ड्रोन उडवण्यावर बंदी, नायलॉन मांजावर बंदी, भाडेकरूची माहिती देण्याची सक्ती असे विशिष्ट विषयांवरचे आदेश या कलमाखाली निघतात.

म्हणजे ‘मनाई आदेश’ हे शब्द वाचून काहीच कळत नाही. कशाला मनाई, ते खाली वाचावं लागतं. ड्रोनवरच्या बंदीचा आदेश आला म्हणून कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर उभं राहायला कुणी अडवत नाही.

‘मग घरात वाढदिवसाला वीस जण जमले तर?’

तर काही होत नाही. कलम ३७ चा आदेश सार्वजनिक शांततेसाठी असतो. त्याचा रोख रस्त्यावरच्या, परवानगी न घेतलेल्या जमावाकडे आणि मोर्चाकडे असतो. शिवाय आदेशाच्या शेवटच्या भागात सवलती लिहिलेल्या असतात, आणि नेमका तोच भाग फॉरवर्ड होताना कापला जातो. लग्नकार्य, अंत्ययात्रा, शाळा-महाविद्यालयं, कार्यालयं, न्यायालयं, सिनेमागृहं आणि पोलिसांनी आधी परवानगी दिलेल्या सभा-मिरवणुका यांना सर्वसाधारणपणे वगळलेलं असतं. कर्तव्यावर शस्त्र बाळगावं लागतं अशा सरकारी कर्मचाऱ्यांनाही सूट असते.

गृहसंकुलाच्या आवारातली सभा, क्लबहाऊसमधलं हळदीकुंकू, मुलांची शिकवणी यांसाठी असा आदेश आडवा येत नाही. रस्त्यावरून मिरवणूक काढायची असेल, चौकात मंडप घालायचा असेल किंवा ध्वनिक्षेपक लावायचा असेल, तर परवानगी एरवीही लागतेच. आदेश लागू असताना ती न घेता पुढे गेलात तर अडचण दुप्पट होते.

संचारबंदी मात्र वेगळी. तिच्यात घराबाहेर पडण्यावरच बंधन येतं. जमावबंदी आणि संचारबंदी हे शब्द सरसकट एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि निम्मी भीती तिथूनच सुरू होते.

आधी मुदत बघा

औषधाची पट्टी हातात आली की आपण आधी मुदत बघतो. आदेशाचंही तसंच करायचं. जमाव आणि मिरवणुकांवरची कलम ३७ ची बंदी राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालू शकत नाही. म्हणून हे आदेश साधारण पंधरवड्याचे असतात आणि गरज वाटली तर नव्या तारखांसह पुन्हा निघतात. कलम १६३ चा आदेश जास्तीत जास्त दोन महिने टिकतो. त्यापुढे वाढवायचा तर राज्य शासनाला ठरवावं लागतं, आणि तीही वाढ सहा महिन्यांपर्यंतच.

आदेशात ‘अमुक तारखेला ००.०१ वाजल्यापासून तमुक तारखेच्या २४.०० वाजेपर्यंत’ अशी ओळ असते. ती ओळ नसलेला फोटो ग्रुपवर आला तर तो अर्धवट कागद समजा. गेल्या वर्षीचा आदेश यंदा फिरताना सर्रास दिसतो. माझं तर म्हणणं आहे की पोलिसांनीही ही मुदत शेवटच्या परिच्छेदात न ठेवता सगळ्यात वर, ठळक अक्षरांत छापावी. निम्म्या अफवा तिथेच थांबतील.

आदेश अन्यायकारक वाटला तर दाद मागता येते. कलम १६३ खालचा आदेश मागे घ्यावा किंवा बदलावा असा अर्ज बाधित व्यक्तीला करता येतो, आणि तो फेटाळायचा असेल तर कारणं लेखी द्यावी लागतात.

हद्द: जिल्हा वेगळा, आयुक्तालय वेगळं

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. ठाणे जिल्हा आणि ठाणे पोलीस आयुक्तालय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ठाणे पोलीस आयुक्तालयात ठाणे शहर, कळवा-मुंब्रा, भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा येतो. त्याची पाच परिमंडळं आहेत: ठाणे, भिवंडी, कल्याण, उल्हासनगर आणि वागळे इस्टेट. दिघा, ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे भाग जिल्ह्याने ठाण्यात असले तरी पोलिसांच्या दृष्टीने नवी मुंबई आयुक्तालयात आहेत. खारघर, कामोठे, पनवेल आणि उरण तर रायगड जिल्ह्यात, पण पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचंच. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात आहे, मात्र वसई-विरारला जोडून २०२० पासून त्याचं स्वतंत्र आयुक्तालय आहे. शहापूर, मुरबाडकडे ठाणे ग्रामीण पोलीस.

याचा रोजच्या जगण्यातला अर्थ असा, की ठाणे पोलीस आयुक्तांचा आदेश विटाव्यापर्यंत चालतो, पुढे दिघा-ऐरोलीत नाही. मुंबईचा आदेश मुलुंडपर्यंतच, तो कोपरीत लागू होत नाही. ऐरोलीच्या ग्रुपवर ‘ठाण्यात जमावबंदी’ आली, तर कागदाच्या डोक्यावर आयुक्तालयाचं नाव काय आहे तेवढं बघा. रेल्वे स्थानकाचा फलाट आणि लोकलचा डबा यांचे पोलीस पुन्हा वेगळे. तिथे चोरी झाली तर तपास लोहमार्ग पोलिसांकडे जातो.

रस्ता बंदची अधिसूचना कशी वाचायची?

ती मोटार वाहन कायद्याखाली वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त काढतात. साचा ठरलेला असतो. ‘प्रवेश बंद’ या शब्दांनंतर कुठून कुठे जाणारी कुठली वाहनं, आणि ‘पर्यायी मार्ग’ या शब्दांनंतर त्यांनी कुठून जायचं. घोडबंदर रोडवर गायमुख घाटात दुरुस्ती निघाली की हे कागद वारंवार दिसतात. मुंबई-ठाण्याकडून घोडबंदरला जाणाऱ्या जड वाहनांना वाय जंक्शनवरून नाशिक रोडने खारेगाव, मानकोली, अंजूरफाटामार्गे किंवा कापूरबावडीहून उजवीकडे वळून कशेळी, अंजूरफाटामार्गे पाठवतात.

आता यात नेहमी चुकतं काय? ‘जड-अवजड वाहनांना’ हे शब्द गळतात आणि ‘घोडबंदर रोड बंद’ एवढंच पुढे जातं. मग कार आणि दुचाकीवाले उगाच भिवंडीचा फेरा मारतात आणि पर्यायी रस्ताही तुंबवतात. दुसरी गोष्ट, ही बंदी पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका, ऑक्सिजनची वाहनं आणि अत्यावश्यक सेवा यांना लागू नसते. डायलिसिसच्या रुग्णाला नेणाऱ्या रुग्णवाहिकेने त्या कागदाला बिचकायचं कारण नाही. एक महिन्यापर्यंतची बंदी राजपत्रात छापावीच लागते असं नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून ‘राजपत्रात नाही, म्हणजे खोटी’ हा युक्तिवाद टिकत नाही.

भाडेकरूची माहिती: परवानगी नव्हे, कळवणं

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही आयुक्तालयांतल्या घरमालकांना थेट लागू होणारा आदेश हाच. घर भाड्याने दिलं की भाडेकरूची माहिती स्थानिक पोलिसांना कळवायची. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरून घरबसल्या करता येतं, किंवा ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत घर आहे तिथे अर्ज देता येतो. मालकाचं ओळखपत्र, भाडेकरूचा फोटो आणि ओळखपत्र, त्याचा कायमचा पत्ता, कामाचं ठिकाण, ओळख सांगू शकतील अशा माणसांची नावं आणि नंबर, दलाल असेल तर त्याचा तपशील, भाडेकराराची मुदत एवढं जवळ ठेवा. शेवटी मिळणारी पोच जपून ठेवा, उद्या तोच पुरावा.

भाडेकरार नोंदवला, म्हणजे पोलिसांनाही आपोआप कळलं असं धरून चालू नका. पोलिसांची पोच हातात आहे का, हे स्वतः तपासा. भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर त्याच्यासाठी वेगळा ऑनलाइन फॉर्म २४ तासांच्या आत भरावा लागतो.

‘पोलिसांनी परवानगी दिल्याशिवाय भाडेकरूला आत घेणार नाही’ असं काही सोसायट्या सांगतात. ते चूक आहे. आदेशात अपेक्षा असते ती माहिती देण्याची. पोलीस भाडेकरूला ‘मान्यता’ देत नाहीत, आणि या कागदाच्या आडून कुणाला जात, धर्म किंवा एकटं राहणं यावरून अडवणं तर मुळीच बरोबर नाही. माहिती द्यायला टाळाटाळ केली तर मात्र जबाबदारी घरमालकाची. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली, म्हणजे पूर्वीच्या दंड संहितेच्या कलम १८८ खाली, गुन्हा दाखल होऊ शकतो. त्यात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. मानवी जीवाला धोका निर्माण झाला असेल तर शिक्षा एक वर्षापर्यंत आणि दंड ५,००० रुपयांपर्यंत जातो.

फॉरवर्ड खरं की खोटं?

खऱ्या आदेशावर आयुक्तालयाचं नाव, जावक क्रमांक, तारीख, कायद्याचं कलम, मुदत आणि सही करणाऱ्याचा हुद्दा असतो. ठाण्यात बऱ्याचदा तो पोलीस उपायुक्त, विशेष शाखा असा असतो. ‘सर्व ग्रुपवर पाठवा’ असं कुठलाही सरकारी आदेश सांगत नाही. शंका आली तर आयुक्तालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा समाजमाध्यमांवरच्या अधिकृत खात्यावर तोच कागद आहे का पाहा, नाहीतर स्थानिक पोलीस ठाण्यात फोन करून विचारा.

‘मुलं पळवणारी टोळी फिरतेय, सावध राहा’ हा संदेश पुढे पाठवण्यात काय बिघडलं, असं अनेकांना प्रामाणिकपणे वाटतं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात असल्याच अफवेतून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसं होती. १६ एप्रिल २०२० ला शेजारच्या पालघर जिल्ह्यात गडचिंचलेला अफवेमुळेच तिघांना जमावाने मारलं. संदेश पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात वाईट काहीच नसतं, तरी परिणाम असा होतो. संशयित म्हणून अनोळखी फेरीवाल्याचा, डिलिव्हरी देणाऱ्या मुलाचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी हे आठवा. फोटो पोलिसांना द्या, ग्रुपला नको.

आता उलट बाजू: आपण कळवायचं तेव्हा

११२ या आपत्कालीन क्रमांकाचा फोन तुमच्या पोलीस ठाण्यात वाजत नाही. तो राज्याच्या संपर्क केंद्रात जातो. मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे आणि दुसरं नागपुरात. तिथे घटनेची नोंद होते, ती तुमच्या आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षाकडे जाते आणि तिथून जवळच्या पोलीस गाडीतल्या स्क्रीनवर. ‘प्रश्नच विचारत बसतात’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. पण फोन घेणारा तुमच्या गल्लीत कधी आलेला नसतो, त्यामुळे पत्ता जितका नेमका तितकी गाडी लवकर.

नवी मुंबईत पत्ता सांगताना आधी नोड, म्हणजे वाशी, नेरूळ असा भाग सांगा, मग सेक्टर. ‘सेक्टर ८’ वाशीतही आहे, नेरूळमध्येही, ऐरोलीतही आणि खारघरमध्येही. घोडबंदर पट्ट्यात एकाच बिल्डरच्या एकाच नावाची तीन-तीन संकुलं असतात. तिथे विंग, गेट आणि जवळची ठळक खूण सांगा. त्यानंतर आत्ता काय चाललंय, किती माणसं आहेत, हातात काही आहे का, कुणी जखमी आहे का. फोन चालू ठेवा आणि परत फोन येईल तो उचला. रात्री गाडी गेटवर अडू नये म्हणून वॉचमनला आधी सांगून ठेवा.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर ११२ नव्हे, १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन क्रमांक लावा, आणि तोही लगेच. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम, बँकेचं नाव हाताशी ठेवा. पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकत असतात. पुढच्या खात्यात ते गोठवले गेले तर परत मिळण्याची आशा राहते, एटीएममधून निघाले की संपलं.

कॅमेरे आहेत, पण फुटेज कामाचं आहे का?

सोसायटीच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग डीव्हीआरच्या, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या, डिस्कवर साठतं आणि डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. किती दिवसांचं राहील ते डिस्कचा आकार आणि कॅमेऱ्यांची संख्या यावर ठरतं. म्हणून घटना कळताच, पोलिसांची वाट न पाहता, त्या वेळेच्या मागचं-पुढचं फुटेज मूळ फाईल स्वरूपात काढून ठेवा. स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ न्यायालयात कमी पडतो.

डीव्हीआरचं घड्याळ हा सगळ्यांच्या नजरेतून सुटणारा भाग. वीज गेली, आतली बॅटरी उतरली की ते मागे-पुढे होतं. दहा मिनिटांच्या फरकाने चोर बिल्डिंगमध्ये शिरण्याआधीच बाहेर पडलेला दिसतो आणि बचावाच्या वकिलाला मुद्दा मिळतो. फुटेज काढताना स्क्रीनवरची वेळ आणि खरी वेळ दोन्ही कागदावर लिहा, शेजारी सही करा. घड्याळ दुरुस्त करायचं ते फुटेज काढून झाल्यावर. न्यायालयात अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ते काय असतं ते तपास अधिकारी सांगतील, पण डीव्हीआर कोण हाताळतं हे सोसायटीने एका माणसावर ठरवून ठेवावं.

‘आमच्या हद्दीत नाही’ असं सांगितलं तर?

गुन्हा दखलपात्र असेल, म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना तपास करू शकतात असा असेल, तर तो कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. अशी नोंद शून्य क्रमांकाने होते आणि मग योग्य ठाण्याकडे वर्ग होते. तक्रार इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही पाठवता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या.

अदखलपात्र बाबीत ‘एनसी’ होते. शेजाऱ्याशी बाचाबाची, साधी शिवीगाळ अशा गोष्टी यात येतात. एनसीनंतर पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत, त्यामुळे ‘एनसी घेतली आणि काहीच केलं नाही’ या रागामागे पुष्कळदा कायद्याचीच मर्यादा असते. पण दखलपात्र गुन्ह्याला एनसीवर मिटवलं जात असेल तर गप्प बसू नका. तक्रार लेखी स्वरूपात परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना पोस्टाने पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

गुन्हा नोंदल्यावर ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं, हे त्याच संहितेच्या कलम १९३ नुसार पोलिसांचं काम आहे. ते फोनवरूनही कळवता येतं. त्यामुळे एफआयआरवर सही करण्याआधी त्यात तुमचा मोबाईल नंबर बरोबर लिहिला आहे ना, एकेक आकडा वाचून बघा.